विविधतेचा तक्ता भरताना

विदर्भातल्या एका विद्यापीठाच्या व्यवस्थापनशास्त्र विभागात मी तासिका तत्त्वावर शिकवते. विभागाची इमारत शहराबाहेर, हमरस्त्यालगतच्या बरड माळावर आहे. एका अंगाला जिनिंग, दुसऱ्या अंगाला तुरीचे शेत, आणि एसटी थांबते ती चालकाची मर्जी असेल तर. याच विभागातून मी एमबीए झाले, पुढे नेट उत्तीर्ण झाले, आणि २०१८ पासून दरवर्षी नव्याने मुलाखत देऊन मनुष्यबळ व्यवस्थापन आणि संघटनात्मक वर्तन हे विषय तिथेच शिकवत आले आहे. २०२३ च्या ऑगस्टमध्ये विभागप्रमुख सरांनी मला बोलावले आणि नॅकच्या, म्हणजे विद्यापीठांचे मूल्यांकन करणाऱ्या राष्ट्रीय परिषदेच्या, स्वयंमूल्यांकन अहवालासाठी विभागाची माहिती गोळा करण्याचे काम माझ्याकडे सोपवले. सात निकषांपैकी दुसरा, म्हणजे अध्यापन, अध्ययन आणि मूल्यमापनाचा निकष माझ्या वाट्याला आला. विद्यार्थी कोणत्या प्रवर्गांतून आले, राखीव जागा किती आणि त्यांतल्या भरल्या किती, शिक्षकांची मंजूर पदे किती आणि त्यांवर माणसे किती, हे सगळे पाच वर्षांचे मांडायचे होते. "आकडेच तर भरायचे आहेत, मॅडम. आठ दिवसांचं काम," असे सर म्हणाले. त्याला पाच महिने लागले.

पहिला आठवडा नोंदवह्यांतच गेला. २०१८-१९ ते २०२२-२३ या वर्षांच्या प्रवेशवह्या मोठ्या बाबूंच्या लोखंडी कपाटात होत्या. त्यांना विभागात सगळे भाऊ म्हणतात आणि मी त्यांच्या मुलीच्या वयाची असूनही ते मला मॅडम म्हणतात. वह्या शेजारी शेजारी उघडून ठेवल्या तेव्हा लक्षात आले, की एका वर्षाचे रकाने दुसऱ्या वर्षाशी जुळत नाहीत. २०१८-१९ च्या वहीत ईडब्ल्यूएस नाही आणि एसईबीसीही नाही. २०१९-२० मध्ये दोन्ही आहेत, कारण जानेवारी २०१९ मध्ये १०३ व्या घटनादुरुस्तीने आर्थिक दुर्बलांसाठी दहा टक्के जागा आल्या, आणि मराठा आरक्षण, म्हणजे एसईबीसी, त्याच वर्षी जूनमध्ये उच्च न्यायालयाने शिक्षणापुरते बारा टक्क्यांपर्यंत उचलून धरले. २०२०-२१ च्या वहीत एसईबीसीचा रकाना आखलेला आहे, पण सर्वोच्च न्यायालयाने ९ सप्टेंबर २०२० रोजी स्थगिती दिल्यामुळे तो वरपासून खालपर्यंत कोरा आहे. ५ मे २०२१ च्या निकालानंतरच्या वहीतून तो नाहीसाच झाला आहे. भाऊंना याचे काही नवल नव्हते. "हे खाने दरसाली बदलतेत, मॅडम. म्हनून मी पेनानं आखतच नाही, पेन्सिलनं आखतो," असे म्हणून त्यांनी मला खोडरबरही काढून दाखवले.

आमच्याकडे साठ जागा आहेत. साठांचे तेरा टक्के म्हणजे अनुसूचित जातींसाठी ७.८, सात टक्के म्हणजे अनुसूचित जमातींसाठी ४.२, भटक्या जमाती 'ब' साठी अडीच टक्के म्हणजे दीड. ही अपूर्णांकातली माणसे पूर्णांकात आणण्याचे काम प्रवेश नियामक यंत्रणा करते आणि ते बरोबरही असते; पण पाच वर्षांच्या बेरजा जुळवायला बसल्यावर त्या दीड विद्यार्थ्याने मला बराच छळले.

खरी अडचण वेगळीच होती. राज्याच्या प्रवेशप्रक्रियेत विमुक्त जाती आणि भटक्या जमातींचे चार स्वतंत्र प्रवर्ग आहेत. नॅकच्या तक्त्यात मात्र एससी, एसटी, ओबीसी, जनरल आणि इतर एवढेच रकाने होते. मग विमुक्त-भटक्यांना 'ओबीसी'त घालायचे की 'इतर'मध्ये? अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाने आधी 'इतर' सांगितले, दसऱ्यानंतर 'ओबीसी' सांगितले, कारण केंद्राच्या यादीत हे समाज ओबीसीत येतात. मी तक्ता दोनदा फिरवला. फिरवताना हसूही आले, कारण त्या फेरफारात मी स्वतः होते. माझे माहेर झरी जामणी तालुक्यातला एक तांडा. पैनगंगा ओलांडली की तेलंगणातला आदिलाबाद जिल्हा लागतो आणि माझ्या मामाचे घर तिकडे आहे. बोली एक, तीज एक, लग्नातली गाणी एक. पण नदीपलीकडे लंबाडा अनुसूचित जमातीत मोडतात आणि अलीकडे बंजारा विमुक्त जाती 'अ' मध्ये. म्हणजे मामा एसटी, भाची राज्याच्या कागदावर विजाअ, केंद्राच्या कागदावर ओबीसी, आणि दसऱ्यापर्यंत 'इतर'. याडीला, म्हणजे आईला, मी फोनवर हे सांगितले तेव्हा तिने एवढेच विचारले, की मग पगार कोणत्या रकान्यात येतो.

अशी गुंतागुंत माझ्या एकटीच्याच नशिबी होती असे नाही. २०१९-२० च्या वहीत एक गोवारी मुलगा एसटीच्या जागेवर प्रवेश घेतलेला आढळला आणि पुढच्या वर्षी, द्वितीय वर्षाच्या यादीत, तोच मुलगा एसबीसी, म्हणजे विशेष मागास प्रवर्ग, म्हणून नोंदलेला होता. संगणकाने त्याच्या नावापुढे लाल खूण केली आणि कक्षाकडून विचारणा आली, की दोन्हीपैकी कोणती नोंद चुकीची आहे. दोन्ही बरोबर होत्या. नागपूर खंडपीठाने १४ ऑगस्ट २०१८ रोजी गोवारींना अनुसूचित जमातीचे मानले, सर्वोच्च न्यायालयाने १८ डिसेंबर २०२० रोजी तो निकाल फिरवला, आणि मधल्या काळात झालेले प्रवेश मात्र अबाधित ठेवले. म्हणजे हा मुलगा एमबीएच्या दारातून एसटी म्हणून आत आला आणि बाहेर पडला तो एसबीसी म्हणून. नोव्हेंबर १९९४ मध्ये नागपूरच्या मोर्चात चेंगरून मेलेल्या ११४ गोवारींची आठवण आमच्या भागात अजून ताजी आहे, त्यामुळे ही नोंद 'टंकलेखनातील चूक' म्हणून निकालात काढायला माझा हात धजेना. मी अर्ध्या पानाचे स्पष्टीकरण जोडले. ते कुणी वाचले की नाही, ते मला कळले नाही. लाल खूण मात्र गेली.

चामोर्शी तालुक्यातली एक बंगाली मुलगी 'जनरल'मध्ये होती. तिच्या आजोबांच्या पिढीला पूर्व पाकिस्तानातून उठून यावे लागले आणि दंडकारण्य प्रकल्पाच्या काळात त्या जंगलात वसवलेल्या गावांमध्ये जमीन मिळाली. ती नमःशूद्र आहे. पश्चिम बंगालमध्ये ही जात अनुसूचित जातींच्या यादीत आहे, महाराष्ट्राच्या यादीत नाही. त्यामुळे आमच्या तक्त्यात ती आणि जिनिंगच्या मालकाचा मुलगा एकाच रकान्यात, एकाखाली एक बसले. उलट प्रकार कैकाडी मुलाचा. उर्वरित महाराष्ट्रात विमुक्त जातीत मोडणारा हा समाज विदर्भात अनुसूचित जातीत आहे, पण राजुरा तालुका त्याला अपवाद आहे, कारण तो पूर्वी निजामाच्या राज्यात होता. १९५६ पूर्वीची ती सीमा २०२३ सालच्या माझ्या लॅपटॉपवर अशी उमटेल, असे मला वाटले नव्हते.

आणखी एक नियम असा, की मागास प्रवर्गातला विद्यार्थी खुल्या गुणवत्तेच्या यादीतून आला तर त्याला राखीव जागेत मोजायचे नाही. नियम न्याय्य आहे, यात शंका नाही. पण २०२१-२२ मध्ये आमच्या विभागात सर्वांत वरच्या गुणांनी आलेली बौद्ध मुलगी 'जनरल'मध्ये गेली आणि एससीची एक जागा रिकामी दिसली, तेव्हा सरांचा चेहरा उतरला. हुशार मुलगी आली की आमचा टक्का घसरतो, हे गणित त्यांना पटवून घ्यायला जरा वेळ लागला.

एसटीच्या जागा मात्र खरोखरच रिकाम्या होत्या. पाचांपैकी तीन वर्षे चारपैकी एक-दोनच जागा भरल्या गेल्या होत्या, आणि अहवालात याचे कारण लिहायचे तर 'पात्र उमेदवार उपलब्ध नाहीत' हे ठरलेले वाक्य तयार होते. भाऊंनी मला एक वेगळी फाइल दाखवली. तिच्यात यादीत नाव येऊनही प्रवेश न झालेल्यांचे अर्ज होते. बहुतेक ठिकाणी अडले होते ते जात वैधता प्रमाणपत्रावर. अनुसूचित जमातीच्या दाव्यासाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा पुरावा सर्वांत मोलाचा धरतात. ज्या घरातला पहिला माणूस १९८० च्या सुमारास शाळेत गेला, त्याने त्यापूर्वीचा शाळेचा दाखला आणायचा कुठून? मग कोतवाल बुकातल्या जन्मनोंदीची नक्कल, जुना अधिकार अभिलेख, आणि तिथे आजोबांचे नाव एका मात्रेने वेगळे लिहिलेले. जात पडताळणी समितीपुढे हे सगळे शेवटी उभे राहतेही, पण प्रवेशाची तारीख त्याआधीच निघून जाते. मी अहवालातले ठरलेले वाक्य बदलून 'वैधता प्रमाणपत्र मुदतीत प्राप्त न झाल्याने' असे लिहिले. सरांनी ते ठेवले, याचे मला आजही बरे वाटते.

यानंतर २.२ हा भाग आला. त्याचे शीर्षकच 'केटरिंग टू स्टुडंट डायव्हर्सिटी' असे होते आणि मी मोठ्या उत्साहाने तो उघडला. आत दोनच प्रश्न होते: तुम्ही विद्यार्थ्यांची अध्ययन-पातळी तपासून प्रगत आणि मंदगती विद्यार्थ्यांसाठी काय करता, आणि पूर्णवेळ शिक्षकामागे विद्यार्थी किती. विविधता म्हणजे एकीकडे हुशार आणि दुसरीकडे मागे पडलेले, असा त्याचा अर्थ आमच्या विभागाने फार पूर्वीच लावून घेतला होता. प्रवेशानंतरच्या पहिल्या आठवड्यात तीस गुणांची चाचणी होते, इंग्रजीत, आणि तिच्यावरून दोन याद्या लागतात. मंदगतींच्या यादीतल्या मुलांसाठी शनिवारी जादा तास असतात. ते तास सहसा आम्ही तासिकावालेच घेतो.

त्या वर्षीची यादी माझ्याकडे होती. मी एका संध्याकाळी तिच्यापुढे प्रत्येकाचा पत्ता लिहीत गेले. प्रवर्गाशी तिचा मेळ बसेना. शहरात वाढलेल्या, इंग्रजी शाळेत शिकलेल्या एससी आणि एसटी मुलांची नावे प्रगतांच्या यादीत होती. मंदगतींत होती ती मुले, ज्यांना विभागात पोहोचायला दोन गाड्या बदलाव्या लागतात: धानोरा, कोरची, झरी जामणी, मारेगाव, मेळघाटातले धारणी. कुणबी होती, तेली होती, माना होती, गोंड होती, मुसलमान होती. जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेखेरीज त्यांच्यात समान म्हणावे असे काही नव्हते. अंतराची यादी आम्ही बुद्धीची यादी म्हणून फळ्यावर लावत होतो.

मी सरांची परवानगी घेऊन तीच चाचणी, तेच आकडे ठेवून, मराठीत पुन्हा घेतली. त्यातला एक प्रश्न खेळत्या भांडवलाचा होता. धानोरा तालुक्यातल्या एका मुलाने इंग्रजी चाचणीत तो कोरा सोडला होता. मराठीत त्याने तो सोडवला, आणि उत्तराखाली आपणहून एक परिच्छेद लिहिला. त्याच्या गावची ग्रामसभा तेंदूपत्ता स्वतः विकते. सकाळी तोडलेली पाने सत्तर-सत्तरच्या पुड्यांत बांधून संध्याकाळी फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, मोजून द्यायची, हजार पुड्यांची एक गोणी. पाने तोडणाऱ्यांना मजुरी आठवड्याला लागते, आणि ठेकेदाराचा हप्ता माल वाळून भरल्यावर येतो. मधला पैसा आणायचा कुठून, म्हणून ग्रामसभा करारातच आगाऊ रक्कम मागते आणि ती जमा झाल्याशिवाय वाहतुकीचा परवाना देत नाही. हिशेबाची वही त्याच्या वडिलांकडे असते. मी त्याला बोलावून विचारले, की हे माहीत असताना पहिला पेपर कोरा का ठेवला. तो म्हणाला, "हे तं माहीत हाये, मॅडम. याले वर्किंग कॅपिटल म्हनतेत, हे माहीत नव्हतं."

पुढच्या सोमवारी मी वर्गात त्याला उभे केले आणि हाच हिशेब फळ्यावर मांडायला लावला. प्रगतांच्या यादीतल्या, ज्यांच्या घरी कापसाची अडत आहे अशा दोन मुलांनी त्याला प्रश्न विचारले. ठेकेदाराने करार मोडला तर काय, दर पडला तर नुकसान कोणाचे? तो सगळ्यांना उत्तरे देत होता आणि मध्येच, नकळत, गोंडी शब्द वापरून मागे बसलेल्या दुसऱ्या मुलाकडून खात्री करून घेत होता. त्या तासाला मी बहुतेक वेळ खिडकीशी उभी होते. आमच्या पाठ्यपुस्तकातली उदाहरणे अमेरिकेतल्या कॉफीच्या दुकानांची आणि मोटारींच्या कारखान्यांची असतात. ती शिकवण्याला माझी हरकत नाही, मुलांना नोकऱ्या तसल्याच ठिकाणी शोधायच्या आहेत. पण अडतीवरचा मुलगा आणि फळीवरचा मुलगा दोघेही एका वर्गात असताना दोघांनाही माहीत नसलेल्या दुकानापासूनच सुरुवात का करायची, हे मला कळत नाही.

त्या मुलाचे पुढे काय झाले तेही सांगायला हवे. दुसऱ्या सत्रानंतर मे-जूनमध्ये आठ आठवड्यांचे प्रशिक्षण एखाद्या आस्थापनेत करायचे असते. नेमका तोच तेंदूचा हंगाम. त्याने गावच्या ग्रामसभेतच प्रशिक्षण करण्याचा अर्ज दिला. धानोरा तालुक्यातल्याच मेंढा-लेखा या गावाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवले, तेव्हापासून त्या भागातल्या ग्रामसभा लाखोंचे व्यवहार करत आहेत. तरी विभागाच्या समितीने अर्ज परत केला, कारण ग्रामसभा ही 'कंपनी' नाही आणि तिचे लेटरहेड नाही. लेटरहेड दोन दिवसांत छापून आले. कंपनी मात्र छापता येईना. अखेर 'ग्रामीण उद्योगांतील वित्त व्यवस्थापन' असा विषय घालून तो प्रकल्प मंजूर झाला, आणि तोंडी परीक्षेला आलेल्या बाहेरच्या परीक्षकांनी त्याला चाळीस मिनिटे बसवून घेतले.

मराठी चाचणीमुळे एक प्रश्न उगीचच उपटला. एका मुलीने विचारले, की विद्यापीठाच्या परीक्षेतही मराठीत लिहिले तर चालेल का. एप्रिल २०२३ मध्ये यूजीसीने विद्यापीठांना कळवले होते, की अभ्यासक्रम इंग्रजीतून असला तरी विद्यार्थ्यांना स्थानिक भाषेत उत्तरे लिहू द्यावीत. मी परीक्षा विभागात चौकशी केली. "पत्र आलं आहे, परिपत्रक आलेलं नाही," असे उत्तर मिळाले. मी तिला तेच सांगितले. ती इंग्रजीतच लिहिते आणि मी तिच्या मोडक्या वाक्यांमागचे मराठी वाचून गुण देते. हे नियमात बसते की नाही, मी विचारलेले नाही.

शिक्षकांचा तक्ता मी शेवटी ठेवला होता. मंजूर पदे सात: एक प्राध्यापक, दोन सहयोगी, चार सहायक. त्यांवर माणसे तीन. तिघेही पुरुष, तिघेही शहरात वाढलेले, तिघांच्याही नेमणुका पंधरा वर्षांपूर्वीच्या. तिघेही मनापासून शिकवतात, हे नोंदवायलाच हवे. उरलेला सगळा भार आम्हा सात तासिकावाल्यांवर असतो. आमच्यात चार बायका आहेत. पोंभुर्ण्याकडचा एक गोंड शिक्षक विपणन शिकवतो, अकोटचा एक मुसलमान शिक्षक संख्याशास्त्र शिकवतो, दोघीजणी बौद्ध आहेत, एक झाडीपट्टीतल्या कोहळी शेतकऱ्याची मुलगी आहे. विद्यार्थ्यांमध्ये जेवढी विविधता आहे, जवळजवळ तेवढीच शिक्षकांमध्येही आहे, हे तो तक्ता भरायला घेईपर्यंत माझ्याही नीटसे ध्यानात आले नव्हते. आणि त्याच तक्त्यात ती मावणार नव्हती. नॅकच्या व्याख्येप्रमाणे पूर्णवेळ शिक्षक म्हणजे पूर्ण शैक्षणिक वर्षात ठरलेल्या कामाच्या निदान नव्वद टक्के तास काम करणारा. आमची नेमणूकच आठवड्याला नऊ तासांची. शिवाय मंजूर पदावर आम्ही नाहीच. म्हणून शिक्षक तीन. विद्यार्थी ११२, भागिले तीन: एका शिक्षकामागे सदतीस. तंत्रशिक्षणाच्या अखिल भारतीय परिषदेच्या, म्हणजे एआयसीटीईच्या निकषानुसार हे प्रमाण वीसला एक हवे.

रिकामी पदे का भरली जात नाहीत, याची फाइलही मला त्या निमित्ताने पाहायला मिळाली. शासनाची मान्यता हा एक भाग झाला. दुसरा भाग बिंदुनामावलीचा, म्हणजे कोणते पद कोणत्या प्रवर्गाला जाते ते क्रमाने ठरवणाऱ्या यादीचा. ही नामावली विभागीय आयुक्त कार्यालयातल्या मागासवर्ग कक्षाकडून तपासून घ्यावी लागते आणि ती तपासली गेल्याशिवाय जाहिरात निघत नाही. आमच्या आधीच्या पिढीतल्या शिक्षकांनी यातला मोठा घोळ पाहिला आहे. २०१७ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने आरक्षणासाठी संपूर्ण विद्यापीठाऐवजी एकेक विभाग हा घटक धरायला सांगितले. केंद्राने २०१९ मध्ये कायदा करून पुन्हा संस्था हाच घटक ठरवला, आणि राज्याचा तसा कायदा २०२१ मध्ये आला. फरक किती पडतो ते माझ्याच प्रवर्गावरून सांगते. विमुक्त जाती 'अ' ला तीन टक्के, म्हणजे साधारण तेहतीस पदांमागे एक. चार सहायक पदांच्या विभागात, विभाग हा घटक धरला तर, सरासरीने ती पाळी यायला कित्येक पिढ्या निवृत्त व्हाव्या लागतील. संस्था घटक धरली तर पाळी येते, पण ती व्यवस्थापनशास्त्रात येईल की वनस्पतिशास्त्रात, हे आधी सांगता येत नाही. नामावलीची फाइल तीनदा त्रुटींसह परत आली. दरम्यान विभागातली एक निवृत्ती झाली आणि सगळा हिशेब पुन्हा पहिल्यापासून मांडावा लागला.

मोठ्या संस्थांचे प्रश्न निराळे असतात. आयआयएममध्ये अभियंत्यांचीच गर्दी होते म्हणून इतर शाखांच्या पदवीधरांना आणि मुलींना निवडीत काही अधिक गुण देण्याची पद्धत पडली. नागपुरात २०१५ पासून एक आयआयएम आहे, आता मिहानमध्ये तिची स्वतःची इमारतही आहे. एका कार्यशाळेसाठी मी तिथे गेले होते तेव्हा विविधतेवरच्या चर्चेत मला बोलायला सांगितले. माझ्या वर्गात नऊ भाषा आहेत आणि अभियंता एकही नाही, असे मी म्हटले. लोक हसले. मी विनोद केला नव्हता.

तक्त्यासोबत मी 'अन्य शिक्षक' नावाचे एक जादा पान जोडले होते, त्यात आम्हा सातजणांची नावे, पात्रता, प्रवर्ग आणि शिकवलेले विषय होते. जानेवारीत नॅककडून पडताळणीची विचारणा आली, की या सातजणांची पूर्णवेळ नेमणूकपत्रे सादर करावीत. ती नव्हतीच. कक्षाने ते पान काढून टाकायला सांगितले. मी ते काढले. मूळ फाइल माझ्याकडे आहे.

फेब्रुवारीत नॅकची तज्ज्ञ समिती आली. त्या दोन दिवसांच्या वेळापत्रकात आम्हा तासिकावाल्यांच्या तासिका नव्हत्या. तिघा सरांनी सगळे वर्ग घेतले. तक्ता मी केला होता म्हणून मला मात्र फाइल घेऊन वर्गाच्या मागच्या बाकावर बसायला सांगितले. समितीतल्या एका बाईंनी हिंदीत विचारले, की घरी कोण कोणती भाषा बोलते. आधी कुणी बोलेना. मग गोंडी म्हणून तीन हात वर झाले, त्यांतला एक धानोऱ्याच्या मुलाचा. मग कोलामी, तेलुगू, बंगाली, उर्दू, कोरचीकडची छत्तीसगढी, धारणीची कोरकू. गोरमाटीला, म्हणजे आमच्या बंजारा बोलीला, कुणाचाच हात वर झाला नाही. पुसदची मुलगी त्या दिवशी गैरहजर होती. क्षणभर माझा हात उचलला गेला आणि मी तो फाइलच्या पानावर आणून ठेवला, कारण प्रश्न विद्यार्थ्यांना होता. बाईंनी वहीत काहीतरी टिपले. पुढच्या वर्गात जाताना त्यांनी सरांना विचारले, की या मुलांना एवढ्या आपुलकीने ओळखणारे शिक्षक कोण आहेत. सरांनी माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, "आमच्या विभागाचं सगळं टीमवर्क आहे."

२०२४-२५ च्या प्रवेशाला आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना शिक्षण शुल्काची पूर्ण माफी मिळाली आणि पहिल्याच फेरीत आमच्याकडे मुलींची संख्या मुलांच्या बरोबरीला आली. एसईबीसीचा रकाना नव्या कायद्याने परत आला आणि भाऊंनी तो पुन्हा पेन्सिलीने आखला.

जुलैत तासिकांच्या नेमणुकांसाठी जाहिरात निघाली. मी नेहमीप्रमाणे अर्ज भरला, प्रवर्गाच्या रकान्यात विजाअ लिहिले, प्रती जोडल्या आणि खिडकीवर नेऊन दिल्या. भाऊंनी चष्मा वर करून एकेक कागद मोजला.

"मॅडम, नॉन क्रिमीलेअर मागच्या सालचं हाय. मार्चलेच संपलं. नवं लागन."

मुलाखत दोन दिवसांवर होती. तो दाखला जिथून काढायचा त्या पांढरकवड्याची दुपारची गाडी किती वाजता आहे ते मी त्यांनाच विचारले.